समोरचा उजेड

माझी धाकटी जाऊ दिसायला देखणी आहे, याचा मला कधी त्रास झाला नाही. तिच्या चपात्या फुगतात आणि माझ्या पापडासारख्या होतात, तेही मी सोडून दिलं. सासूबाई साधं पाणी हवं असलं तरी तिलाच हाक मारतात, तेसुद्धा गिळलं. पण नाटकातल्या दिव्यांचं काम शिकायला आधी मी गेले, तिला त्या हॉलची पायरी मी दाखवली, आणि उजेड कळला तो तिला, हे काही मला सहन झालं नाही. अजूनही होत नाही.

मी नागापूरच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करते. आयटीआय करून त्या कामाला लागले तेव्हा बाई वायरिंग करते म्हणून लोक मुद्दाम बघायला यायचे. आता कुणी वळूनही बघत नाही, आणि मला तेच बरं वाटतं. सावेडीत एका शाळेच्या हॉलमध्ये हौशी मंडळी नाटक बसवतात. त्यांचा डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डबा, बंद पडला, तेव्हा आमच्या ह्यांच्या ओळखीनं मला बोलावणं आलं. मी झाकण उघडलं, जळालेली वायर शोधली, नवी टाकली. तिथं उजेडाचं काम बघणारे एक सर होते. केस पांढरे, चष्मा जाड, बोलणं हळू. ते म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे. दिवे शिकता का?"

मला कुणी कधी असं विचारलं नव्हतं. मी लगेच हो म्हणाले.

दर रविवारी दुपारी मी जाऊ लागले. हॉलच्या खिडक्यांना आम्ही घोंगड्या लावायचो, म्हणजे भर दुपारी आत काळोख व्हायचा. कुठला दिवा कडक, कुठला मऊ, जिलेटीनचा रंगीत कागद दिव्यापुढं कसा लावायचा, गरम दिव्याला फडकं घेऊनच का धरायचं, हे सगळं मी पटापट शिकले. बोर्डवर प्रत्येक दिव्याचा एक फेडर असतो, वर सरकवला की उजेड वाढतो, खाली ओढला की उतरतो. कुठला फेडर कुठल्या दिव्याचा हे मला डोळे झाकून सांगता यायचं. सर मान डोलवायचे. घरी येऊन मी हे सगळं जेवताना सांगायची, जरा जास्तच सांगायची. ऐकायला जाऊ असायची.

पण प्रत्यक्ष रंगमंचावर उजेड पाडायची वेळ आली आणि माझं गाडं अडलं. आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर सावली चालत नाही. सावली पडली की वायरीचा सुटलेला जोड दिसत नाही, माल परत येतो. ती सवय हाडात मुरलेली. मी समोरून दिवा टाकला, डावीकडून टाकला, उजवीकडून टाकला, नटाच्या नाकाची सावली दिसली तर तीही मारायला आणखी एक दिवा टाकला. सगळं लख्ख. मला वाटलं सर शाबासकी देतील.

सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सगळं दिसतंय. पण बघायचं काय?"

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

त्याच सुमाराला जाऊ तिथं आली. रंगभूषा करणारे गृहस्थ आजारी होते, आणि तिचं घराच्या पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर आहे, म्हणून मीच तिचं नाव सुचवलं होतं. तिचं माहेर कोल्हारच्या पुढचं, प्रवरेकाठचं. लग्न होऊन आली तेव्हापासून बोलणं तेच आहे, शहरात राहून बदललं नाही. तिनं नटांची तोंडं रंगवली, हात पुसले आणि माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"ताई, ह्यो कोपऱ्यातला दिवा बंद केला तर?" ती म्हणाली.

"का?"

"तिकडनं काही बघण्यासारखं न्हाई ना. तिचा हा गाल बोलतोय, तो गप हाय."

गाल बोलतोय म्हणे! मी काही म्हणणार, तेवढ्यात सरांनी ऐकलं. त्यांनी स्वतः तो फेडर खाली ओढला. आणि ती नटी, जी मघापर्यंत मेकअप केलेली एक बाई होती, ती एकदम काहीतरी मनात दडवून बसलेली बाई झाली. सरांनी आपली खुर्ची वळवली. माझ्याकडं नाही, तिच्याकडं.

त्या दिवसापासून आमचे रविवार दोघींचे झाले. शिकायला दोघी, आणि पुढं पुढं मला दुसरंच काम लागलं. आमची मुख्य नटी कोल्हारला राहते, तिथल्याच शाळेत शिकवते. तिची एसटी कधी वेळेवर यायची नाही. तिची उंची आणि माझी उंची सारखी. मग सर म्हणायचे, "बाई, तुम्ही जरा तिच्या जागी उभ्या राहता?" दिवे नीट रोखायचे तर कुणीतरी उभं राहावंच लागतं, हे मलाही कळत होतं. मी उभी राहायची. समोर अंधारात बोर्डवर जाऊ बसायची, सर तिच्या शेजारी, आणि दोघं हळू आवाजात माझ्या तोंडाबद्दल बोलायचे.

कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखं ते उभं राहणं. हॅलोजनचा दिवा तापतो. कुठला दिवा चढतोय ते मला गालावर कळायचं. डावीकडून ऊब आली की पहिला, कपाळावर आली की वरचा. ती काय करते आहे ते मी कातडीनं ओळखायची, आणि मनात म्हणायची, वायर मी जोडली, प्लग मी बसवला, आणि ही बया नुसती बोटं सरकवते. अंगाचा तिळपापड व्हायचा. सर अंधारातून म्हणायचे, "बाई, कपाळाला आठ्या घालू नका, सावली पडते."

घरी तर आणखीच. मी कामावरून दमून यायची तेव्हा ती कधीकधी स्वयंपाकघरात नुसती बसलेली असायची. मांडीवर शेंगांचं ताट, हात थांबलेले, नजर भिंतीवर. मी आल्याची चाहूल लागली की चटकन हात चालू. "आलात व्हय ताई, चहा टाकते." मी मनात म्हणायची, बसली होती आरामात. मी उभ्यानं कारखान्यात राबते आणि इथं असं चाललंय. तिच्यावर माझी बारीक नजर असायची. ती किती वेळ बसते, कुठं बसते, कुणाशी फोनवर हसते, सगळं मला पाठ होतं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांचं सगळं तीच करायची, हेही मला ठाऊक होतं. पण सासूबाई त्यासाठी तिला जे आशीर्वाद द्यायच्या, ते माझ्या जास्त लक्षात राहायचे.

मग यंदाच्या नाट्यस्पर्धेच्या आधी सरांनी सांगितलं की त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, प्रयोगाला ते बोर्डवर बसणार नाहीत. आमच्या दोघींपैकी एक बसेल.

ती खुर्ची मला हवी होती. इतकी हवी होती की कामावर वायरीच्या टोकाला लग दाबून बसवताना माझ्या हातून चुकीचाच दाबला गेला, आणि असं माझ्याकडून कधी होत नाही. घरात सगळं तिचं झालं होतं. सासूबाई तिच्या, स्वयंपाकाचं कौतुक तिचं, शेजारणी तिच्या. ही एकच गोष्ट मी घराबाहेर जाऊन स्वतःची म्हणून मिळवली होती, तीही तिनं घेतली तर मी काय करणार होते?

सरांनी परीक्षा साधी ठेवली. नाटकाचा शेवटचा प्रसंग असा की घरातले सगळे लग्नाला गेलेत आणि राखणीला मागं राहिलेली बाई एकटी शेंगा फोडत बसलीये. संवाद नाही. दोघींनी एकमेकींना तिथं बसवून तो प्रसंग उजळायचा.

आधी मी बसले, तिनं दिवे लावले. बराच वेळ काहीच होईना. अंधारात मी शेंगा फोडत राहिले. शेंगा चांगल्या होत्या, नुसत्या बोटांत दाबल्या की फुटत होत्या. मध्ये एक किडकी निघाली, ती मी बाजूला टाकली. परीक्षा चालली आहे हेही मी क्षणभर विसरले. तेव्हा कुठं उजव्या गालावर अगदी मंद ऊब आली, मग समोरून थोडी. मला काही दिसत नव्हतं. हॉल शांत झाला होता, एवढं कळलं. मग आमच्या नटीचा आवाज आला, "अगं बाई, किती छान! थांबा, फोटो काढते." जाऊ म्हणाली, "मला बी पाठवा बरं का."

दिवे लागल्यावर नटी मोबाईल घेऊन माझ्याकडं आली. "बघा ना, कशा दिसता." मी म्हणाले, "राहू दे. मला माहीत आहे मी कशी दिसते." तिचं कौतुक माझ्याच तोंडावर लिहिलेलं मला बघायचं नव्हतं.

आता माझी पाळी. ती ताट घेऊन बसली, पदर सारखा केला, आणि माझ्याकडं बघून हसली. बसल्या बसल्यासुद्धा सुंदर दिसत होती. मी ठरवलं, आज तुझं हे देखणेपण उतरवते. तिनं काय केलं असतं ते मला माहीत होतं, समोरून मऊ उजेड, गाल गोल, डोळे चमकदार. मी समोरचा उजेड पूर्ण काढून टाकला. वरचा दिवा चढवला, जरा मागून, म्हणजे डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतील. एक फिक्का दिवा बाजूनं, खिडकीतून उजेड येतो तसा. मी सावली मारायला नाही, सावली पाडायला दिवा लावला, असं पहिल्यांदाच झालं. ती शेंगा फोडत होती. मी वाट पाहत राहिले, तिचे हात थांबायची. ते थांबणार हे मला ठाऊक होतं. थोड्या वेळानं खरंच थांबले, मान वर झाली, नजर समोर कुठंतरी गेली, आणि मी वरचा फेडर अजून थोडा चढवला.

ती कुरूप दिसली नाही. तिथं एक दमलेली बाई बसली होती. इतकी दमलेली की तिला उठून जायचंसुद्धा सुचत नव्हतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर चष्मा काढून बसले होते. "हे कुठं पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"आमच्या स्वयंपाकघरात," मी म्हणाले. विचार करून बोलले असते तर हे बोलले नसते.

सरांनी चष्मा पुसला. "धाकट्या बाईंचा उजेड फार सुंदर आहे," ते म्हणाले. "पण या प्रसंगाला हा हवा. बोर्डवर तुम्ही बसा. आणि मध्येच फ्यूज गेला तर तुमच्याइतकं कुणाला जमणार आहे?"

बघा, तेव्हाही. मला खुर्ची मिळाली ती उजेडासाठी की फ्यूजसाठी, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसलाच. जाऊनं येऊन माझे दोन्ही हात धरले. "लई भारी ताई!" ती हसत होती, पण माझ्याकडं नीट बघत नव्हती.

घरी परतताना स्कूटी मी चालवत होते, ती मागं बसलेली. एरवी तिचं तोंड अखंड चालू असतं. त्या दिवशी प्रोफेसर कॉलनी चौक आला तरी गप्प. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली,

"ताई, मी खरंच अशी दिसते का?"

"छे. उजेड होता तो," मी म्हणाले.

सिग्नल सुटला. थोडं पुढं गेल्यावर तिनं माझ्या खांद्यावरचा हात जरा घट्ट केला.

"मला वाटलं व्हतं, घरात कुनाच्या ध्यानात आलं न्हाई."

ध्यानात आलं होतं. रोज येत होतं. मी ते आराम म्हणून मोजत होते. स्कूटी चालवताना मागं वळून बघता येत नाही, याचं मला फार बरं वाटलं.

घरी पोचल्यावर मी म्हणाले, "तू बस, आत्यांचं मी बघते." सासूबाईंच्या खोलीत गेले, उशी सरकवायला हात घातला. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "तू न्हाई. धाकटी कुठंय?" घ्या. एक चांगलं काम करायला गेले, तर तिथंही ही आधी जाऊन बसलेली. मी तरीही उशी सरकवली. त्या कुरकुरल्या, मी ऐकून घेतलं. जाऊ दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला म्हणाले, "बस म्हटलं ना," आणि माझा आवाज हवा होता त्यापेक्षा बराच चढला.

स्पर्धेचा प्रयोग दुपारचा होता. नाट्यगृह आमच्या हॉलपेक्षा मोठं, दिवे नवे, एलईडीचे, न तापणारे. मी सकाळपासून एकेक तपासत होते. नटांच्या गडबडीत जाऊ रंगभूषा करत होती, सासूबाईंपाशी आमच्या ह्यांना बसवून आली होती. प्रेक्षक आत सोडायच्या आधी शेवटचा अंधार करून बघायचा असतो, म्हणून मी सगळे फेडर खाली ओढले. तेवढ्यात ती चाचपडत माझ्या खुर्चीपाशी आली.

"ताई, माझा फोन कुठंतरी पडलाय. जरा रिंग द्या की."

अशा वेळी हिला फोन हवा! मी वैतागून तिचा नंबर लावला. अंधारात, बोर्डखाली वायरींच्या भेंडोळ्यापाशी, काहीतरी थरथरलं आणि उजळलं. मी वाकले. फोनच्या पडद्यावर मी होते.

तोच फोटो. माझ्या नंबराला तिनं तो लावून ठेवला होता, खाली नुसतं "ताई" असं लिहिलेलं. मी मान खाली घालून शेंगा फोडते आहे. ओठ घट्ट मिटलेले नाहीत, आणि ते माझे कायम असतात. कपाळावर आठी नाही. ही बाई जरा रागीट असेल, पण हिच्या शेजारी जाऊन बसावं असं वाटेल, अशी. आरशात मी ती कधी पाहिली नव्हती.

"अशी कधी असते मी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"घरी इस्त्री-मिक्सर उघडून बसता ना तुमी, तवा," ती म्हणाली. "कुनी हाक न्हाई मारली की लई येळ अशाच राहता. म्हनून मी बी त्या दिवशी थांबले. तुमी इसरून जायाची वाट बघत हुते."

म्हणजे तिनंही वाटच पाहिली होती. मी तिचे हात थांबायची पाहिली, तिनं माझी आठी जायची. एकाच घरात राहून तिनंही माझ्यावर बारीक नजर ठेवली होती, आणि त्यातून हे काढलं होतं.

फोन तिच्या हातात दिला. पहिली घंटा झाली. ती रंगपटाकडं गेली, आणि मी खुर्चीत नीट बसले. ती खुर्ची माझी होती, हक्काची, सगळ्यांसमोर मिळालेली. शेवटचा प्रसंग आला तेव्हा मी समोरचा उजेड काढला, वरचा चढवला, नटीचे हात थांबायची वाट पाहिली. प्रेक्षागृहात कुणीतरी नाक ओढलं. सगळं ठरल्याप्रमाणं झालं, फ्यूज गेला नाही, आणि नंतर लोक येऊन माझ्याशी बोलून गेले. मी सगळ्यांना हसून उत्तरं दिली. पण तिच्यासारखं बघणं मला काही केल्या येत नाही, आणि त्यावरून मी त्या खुर्चीत बसूनही तिच्यावर जळत होते.